जपानमध्ये सेकंडहँड ब्रँडेड बॅग, घड्याळ किंवा मोती घ्यायचेत? आधी टॅग वाचायला शिका

टोकियोला फिरायला येणारे ओळखीतले लोक हल्ली हमखास विचारतात की तिकडे ब्रँडेड बॅगा स्वस्त मिळतात म्हणे, कुठे घेऊ, खऱ्या असतात का, कस्टममध्ये पकडतील का. प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही उपयोग होईल, कारण इथे वर्षानुवर्षं राहूनही बरेच जण या दुकानांच्या आत कधी गेलेलेच नसतात.

आधी नव्या मालाचं थोडक्यात सांगते, कारण हे सगळं लिखाण सेकंडहँडबद्दल आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात एका डॉलरला १६० येन मिळत होते, तेव्हा सगळं जग इथे खरेदीला लोटलं होतं, त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत एलव्हीएमएचची (लुई व्हिताँची मालक कंपनी) जपानमधली विक्री आदल्या वर्षापेक्षा ५७ टक्क्यांनी वाढली, मग कंपन्यांनी किमती वाढवल्या आणि २०२५ मध्ये तीच विक्री चांगलीच खाली आली. त्यामुळे शोरूममधून नवी कोरी बॅग घेण्यात आता पूर्वीइतकी बचत नाहीये. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये टुरिस्टांना जे पाच टक्के सवलतीचं गेस्ट कार्ड देतात ते या मोठ्या ब्रँडना बहुतेक ठिकाणी चालत नाही. हवं ते मॉडेल मिळेपर्यंत रोलेक्सच्या दुकानांच्या रोज चकरा मारण्याला तर इथे 'रोलेक्स मॅरेथॉन' असा शब्दच पडलाय, आणि ठरावीक मॉडेल्सवर २०१९ पासून खरेदीची मर्यादाही आहे. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये हा नाद करू नका. गिंझाला जा, एर्मेसची रेंझो पियानोने बांधलेली काचेच्या विटांची इमारत बघा, ओमोतेसांदोला उतरून आओयामात प्राडाची इमारत बघा (हो, तीच प्राडा, २०२५ मध्ये जिच्या मिलानच्या शोमधल्या चपला बघून आपलं कोल्हापूर पेटलं होतं), फोटो काढा आणि मग पैसे खर्च करायला सेकंडहँड दुकानात या.

इथे इतका माल आला कुठून

हे समजून घेतलंत तर काय शोधायचं ते आपोआप कळतं. लुई व्हिताँने जपानमध्ये दुकानं उघडली १९७८ मध्ये. १९८५ ला डॉलर खाली आणायला मोठ्या देशांनी प्लाझा करार केला आणि येन असा काही वधारला की डॉलरला २४० च्या आसपास असलेला भाव तीनेक वर्षांत १२०-१३० वर आला, म्हणजे परदेशी वस्तू जपानी माणसाला जवळपास निम्म्यात पडायला लागल्या, त्यात शेअर आणि जमिनीचे भाव फुगलेले, ऑफिसात काम करणाऱ्या आणि आईवडिलांकडेच राहणाऱ्या तरुण मुलींच्या हातात पगाराचे पैसे, त्यामुळे साध्या क्लार्क मुलीकडेही लुई व्हिताँची एक मोनोग्राम (एल-व्ही अक्षरं छापलेली) बॅग असायची. पॅरिसला ट्रिपा करून, रांगा लावून लोकांनी बॅगा आणल्या. त्या मुली आता साठी-सत्तरीच्या आहेत, घरं लहान आहेत, कपाटं रिकामी करायची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर 'काइतोरी' म्हणजे जुना माल विकत घेणारं दुकान आहे. शिवाय इथल्या लोकांना वस्तू जपून वापरायची सवय, खोका, कापडी पिशवी, कार्ड, कधीकधी पंचवीस वर्षांपूर्वीचं बिलसुद्धा सांभाळून ठेवलेलं असतं. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकातला माल जपानमध्ये जितका आणि ज्या अवस्थेत मिळतो तसा दुसरीकडे मिळणं कठीण, आणि म्हणूनच जगभरातले व्यापारी इथे येऊन घाऊक उचलतात. मुंबई-पुण्यात इन्स्टाग्रामवर 'जपानहून आणलेली प्री-लव्हड' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं असंच आलेलं असतं, मधल्या लोकांचा नफा लावून.

खरं की खोटं, ही भीती किती बाळगायची

रस्त्यावरच्या दुकानात फार नाही. जुना माल विकायला इथे १९४९ चा कायदा आहे, पोलिसांमार्फत परवाना घ्यावा लागतो, दुकानात निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत परवाना नंबर लावावा लागतो आणि वेबसाईटवरही तो द्यावा लागतो. माल विकायला येणाऱ्याचं ओळखपत्र बघून नोंद ठेवावी लागते, म्हणजे चोरीचा माल असेल तर माग काढता येतो. त्यावर १९९८ मध्ये या धंद्यातल्या लोकांनी बनावट माल रोखायला एक संघटना काढली, तिला एएसीडी म्हणतात, तिचे सभासद असलेली दुकानं दारावर किंवा काउंटरवर स्टिकर लावतात. पहिल्यांदा घेताय तर सभासद दुकानातूनच घ्या, एवढा एक नियम पाळला तरी खोट्याची अर्धी काळजी मिटते. खोटा ब्रँडेड माल विकणं इथे फौजदारी गुन्हा आहे आणि मोठ्या दुकानाला नाव जाण्याची भीती त्याहून जास्त असते.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की जपानमध्ये खरी फसगत 'खोटी निघाली' अशी फारशी होत नाही, 'खरी होती पण अवस्था नीट बघितली नाही' अशी होते, आणि ती टॅग वाचून टाळता येते. दुकानाने दोष लिहिलेले असतात हो, आपणच ब्रँडचं नाव आणि किंमत एवढंच वाचतो आणि पाकीट काढतो.

कुठे जायचं

नागोयाला जाणार असाल तर ओसू भागातलं कोमेह्यो चुकवू नका, १९४७ मध्ये जुन्या कपड्यांचं दुकान म्हणून सुरू झालेलं, आता बॅगा, घड्याळं, दागिने, कपडे असं मजल्यामागून मजले भरलेलं आहे, नवशिक्याला हात लावून बघायला यासारखी जागा नाही. टोकियोत शिंजुकू आणि गिंझाला मोठ्या साखळ्यांची दुकानं अगदी जवळजवळ आहेत, कोमेह्यो, दाइकोकुया, ब्रँड ऑफ वगैरे, एका दुपारी तीन-चार दुकानं फिरून एकाच मॉडेलचे भाव तुलना करून होतात. ओसाकात शिन्साइबाशी आणि उमेदा. डिझायनर कपडे हवे असतील तर रॅगटॅग. घड्याळांसाठी नाकानो ब्रॉडवे, खाली-वर सगळी अॅनिमे आणि खेळण्यांची दुकानं आणि मध्येच घड्याळांची एकाहून एक दुकानं, मुलं बरोबर असतील तर दोघांचंही भागतं. मोती आणि दागिन्यांसाठी उएनोच्या शेजारचं ओकाचिमाची.

गावोगावी 'शिचिया' म्हणजे गहाणवटीची दुकानंही आहेत. लोक वस्तू ठेवून पैसे घेतात, साधारण तीन महिन्यांत सोडवली नाही तर ती वस्तू विकायला निघते, आणि अशा ठिकाणी भाव कधीकधी साखळी दुकानापेक्षा खूप कमी असतो. पण इंग्रजी कोणी बोलेल याची खात्री नाही आणि टुरिस्टांची टॅक्स-फ्री सोय बऱ्याचदा नसते. इथे राहणाऱ्यांनी जरूर बघा.

टॅग कसा वाचायचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, घाई करू नका. टॅगवर किंवा शेजारच्या कार्डावर एक अक्षर असतं, तो रँक. एन किंवा एस म्हणजे न वापरलेलं, एसए म्हणजे जवळपास नवं, मग ए, एबी, बी, बीसी, सी, आणि 'जे' (J) म्हणजे जंक, दुरुस्तीला किंवा सुटे भाग काढायला. पण हे सरकारी प्रमाण नाहीये, प्रत्येक दुकानाचं आपलं असतं, एका दुकानाचा एबी दुसऱ्याच्या बी इतका असू शकतो, म्हणून दुकानात शिरलात की आधी भिंतीवर किंवा वेबसाईटवर त्यांचा रँकचा तक्ता शोधा. जपानी दुकानदार स्वतःच्या मालाबद्दल फार कडक असतो, जिथे आपल्याकडे 'एकदम मस्त कंडिशन' म्हणून विकतील तिथे इथे बी लिहितात, त्यामुळे बी ला घाबरू नका. रोजच्या वापराच्या बॅगेसाठी माझ्या मते एबी आणि बी हेच सगळ्यात फायद्याचे रँक आहेत. ए आणि एसए मध्ये तुम्ही जेमतेम दिसणारे ओरखडे नसावेत म्हणून जास्तीचे पैसे देता आणि सहा महिने वापरली की तुमचीही बी होणारच आहे.

रँकच्या खाली बारीक अक्षरात दोष लिहिलेले असतात. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो पण कधीकधी फार विचित्र करतो, म्हणून हे शब्द कानाला माहीत असू द्या, दुकानदाराच्या तोंडूनही हेच येतात. 'कादोझुरे' म्हणजे चारही कोपरे घासलेले, हे जवळजवळ प्रत्येक बॅगेला असतं, थोडं असेल तर चालतं. 'शिमी' डाग, 'योगोरे' मळ, 'साबी' गंज, 'हागारे' पापुद्रे निघणं. 'इरोउत्सुरी' म्हणजे दुसऱ्या कापडाचा, बहुतेक जीन्सचा, रंग लागलेला, हा बहुधा जात नाही. 'काताकुझुरे' म्हणजे आकार बिघडलेला, बॅग बसकी झालेली. 'निओई' वास, यात सिगारेट, परफ्युम, कुबट बुरशी सगळं आलं. आणि 'बेतात्सुकी', म्हणजे चिकट झालेलं, हा शब्द दिसला की तिथेच थांबा.

बेतात्सुकीबद्दल जरा जास्त सांगते कारण स्वस्त लुई व्हिताँ बघून सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. नव्वदच्या दशकातल्या काही मॉडेल्समध्ये आतल्या खिशाला किंवा पूर्ण अस्तराला जो कृत्रिम लेप होता तो दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की विरघळल्यासारखा चिकट होतो, मग पावडर होऊन सुटतो, हाताला लागतो, मोबाईलला लागतो. बाहेरून बॅग अगदी झकास दिसते, मोनोग्राम कॅनव्हास तर वर्षानुवर्षं टिकतो. अस्तर बदलून मिळतं, पण कंपनीबाहेर बदललं की पुढे विकताना ती 'दुरुस्त केलेली' म्हणून भाव पडतो. म्हणून जुनी बॅग हातात घेतली की आधी आतल्या खिशात बोटं घाला. मुंबईत किंवा कोकणात वापरायची असेल तर 'थोडीशीच चिकट आहे' हेही चालवून घेऊ नका, एका पावसाळ्यात ती पूर्ण चिकट होईल.

टॅगवर 'फुझोकुहिन' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे बरोबर काय काय मिळणार, खोका, पिशवी, कार्ड, कुलूप-किल्ली, पट्टा. पुढे 'नाशी' असेल तर काहीच नाही. खांद्याचा पट्टा मूळचा आहे का ते विचाराच, कारण पट्टा नसलेली बॅग स्वस्त दिसते आणि मग मूळ पट्टा वेगळा घ्यायला गेलात की सगळी बचत त्यात जाते.

हातात घेऊन काय बघायचं

काचेच्या कपाटातली वस्तू स्वतः काढायची नाही, 'कोरे ओ मिसेते मोराएमासु का' (हे दाखवाल का) एवढं म्हणा, ते हातमोजे घालून ट्रेमध्ये काढून देतील. फोटो काढायच्या आधी विचारा. घासाघीस साखळी दुकानांत चालत नाही, ती करून बघण्यात वेळ घालवू नका. मात्र वेळ हवा तेवढा घ्या, कोणी घाई करत नाही, आणि एवढं बघून न घेता 'अरिगातो गोझाइमासु' म्हणून निघालात तरी कोणाला वाईट वाटत नाही.

भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटून, सोडून आतून बघतो तशी बॅग बघायची. पालथी करा, तळाचे कोपरे बघा. उघडा, नाक जवळ नेऊन वास घ्या, यात लाजायचं काही नाही, जपानी बायकाही घेतात. चेन दोन्हीकडे पूर्ण सरकवा. हँडल जिथे बॅगेला जोडलंय तिथली शिवण आणि कडेचा रंग बघा, तो भेगाळला असेल तर पुढे हँडल सुटणार. लुई व्हिताँचं फिकट कातडं, ज्याला इथे 'नुमेगावा' म्हणतात, ते वापराने मधासारखं होतं, ते चांगलंच, पण पाण्याचे गोल डाग कायमचे असतात. व्हर्नी म्हणजे चकचकीत लेपाच्या बॅगांना दुसऱ्याचा रंग फार पटकन लागतो, फिकट रंगातली घेऊच नका. २००३ मध्ये जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीबरोबर लुई व्हिताँने काढलेल्या रंगीबेरंगी मल्टीकलर बॅगा, ज्या २०२५ मध्ये परत आल्यावर पुन्हा फॅशनमध्ये आल्या, त्यात छपाईचा रंग कडेला उडालाय का ते उजेडात तिरकं धरून बघा. शानेलच्या लँबस्किनवर म्हणजे कोकराच्या मऊ कातड्यावर नखाचाही ओरखडा राहतो, रोजच्या लोकलच्या प्रवासाला तिचं कॅव्हियार म्हणजे दाणेदार कातडंच घ्या.

वय काढायला खुणा असतात. लुई व्हिताँमध्ये १९९० पासून २०२१ च्या सुरुवातीपर्यंत आत दोन अक्षरं आणि चार आकडे असतात, २००६ पर्यंतच्या मालात पहिला आणि तिसरा आकडा महिना आणि दुसरा-चौथा वर्ष, २००७ पासून महिन्याऐवजी आठवडा. त्यानंतर चिप आली. शानेलमध्ये २०२१ पर्यंत नंबरचं स्टिकर, त्याचा आणि बॅगेबरोबरच्या कार्डाचा नंबर एकच हवा. एर्मेसमध्ये एक अक्षर ठोकलेलं असतं, गोलात असेल तर १९७१ ते १९९६ मधलं, चौकोनात असेल तर १९९७ ते २०१४ मधलं, नंतर नुसतंच. पण हे कोड म्हणजे असली असल्याचा पुरावा अजिबात नाही, नकली बनवणारेही कोड ठोकतात. वय कळण्यापुरताच त्याचा उपयोग, आणि वय कळलं की अस्तराचं काय होऊ शकतं त्याचा अंदाज येतो.

घड्याळाचं वेगळं. पॉलिश किती वेळा केलंय ते बघा, पट्टा जिथे घड्याळाच्या केसला (बाहेरच्या धातूच्या डबीला) जोडतो त्या शिंगांच्या कडा धारदार दिसायला हव्यात, गोलमटोल झाल्या असतील तर धातू घासला गेलाय. पट्टा आडवा धरून बघा, खूप लोंबत असेल तर सांधे झिजलेत. कड्या मोजा! आधीच्या मालकाने मनगटाप्रमाणे कड्या काढलेल्या असतात आणि त्या हरवलेल्या असतात, जाड मनगटाच्या माणसाला ते घड्याळ बसतच नाही आणि जास्तीच्या मूळ कड्या महाग पडतात. शेवटचा ओव्हरहॉल (पूर्ण खोलून सफाई) कधी झाला आणि दुकानाची वॉरंटी किती ते लेखी घ्या. ज्यांना नाव मिरवायचं नसून चांगलं घड्याळ हवंय त्यांना मी मनापासून सांगेन की ग्रँड सेइको बघा, १९६० पासूनचा जपानी ब्रँड, काम अप्रतिम, आणि सेकंडहँड बाजारात रोलेक्ससारखा भाव टिकत नाही म्हणून घेणाऱ्याचा फायदा.

मोत्यांसाठी थोडं थांबा

आपल्याकडे तन्मणी, चिंचपेटी, नथ, कुडी, सगळं मोत्यांवर, तरी जपानला आलेली मराठी माणसं बॅगांच्या मागे धावतात आणि मोती बघत नाहीत याचं मला फार वाटतं. मिकिमोतो कोकिचीने १८९३ मध्ये मोती पिकवून दाखवला, तेव्हापासून आकोया मोती (आकोया जातीच्या शिंपल्यातले) म्हणजे जपान. इथे लग्नाला आणि अंत्यविधीला बायका आकोयाची एकपदरी माळ घालतात, त्यामुळे घरोघरी एक माळ असते, आणि सगळ्यांकडे असल्यामुळे ती विकायला गेलं तर फार कमी पैसे येतात. विकणाऱ्याचं नुकसान पण घेणाऱ्याला पर्वणी. दुकानदार 'तेरी' म्हणतात ती चमक बघा, मोत्यात तुमचा चेहरा आणि दिव्याची कड स्पष्ट दिसायला हवी, धूसर पांढरा दिसत असेल तर सोडा. जुन्या माळेत मानेला लागणारे मोती घामाने पिवळे किंवा मंद झालेले असतात, म्हणून हूकाजवळचे मोती आणि मधले मोती शेजारी धरून तुलना करा. मोत्यांना एकमेकांवर अगदी हलकं घासा, किंचित खरखरीत लागलं पाहिजे. यावरून प्लास्टिकची नक्कल कळते, पिकवलेला की नैसर्गिक ते कळत नाही. मिकिमोतोची असेल तर हूकावर शिंपल्यात एम अशी खूण असते, त्या नावाचे पैसे जास्त लागतात. नाव नको असेल तर बिननावाची पण चमकदार माळ घ्या, दोरा जुना असणारच, पुण्या-कोल्हापुरातल्या तुमच्या नेहमीच्या पटवेकाकांकडून रेशमात गाठी मारून परत ओवून घ्या, किंवा सरळ मोती सुटे करून तन्मणी करून घ्या.

ऑनलाईन घेणार असाल तर

इथे राहणाऱ्यांसाठी मर्कारी आणि याहू ऑक्शन या लोकांनी एकमेकांना वस्तू विकायच्या साईट आहेत, भारतातून मधल्या एजंट साईटवरून घेता येतं. माझं स्पष्ट मत, पहिली वस्तू इथून घेऊ नका. दुकानांच्या स्वतःच्या वेबसाईट जास्त बऱ्या, त्यावर एका बॅगेचे दहा-पंधरा फोटो आणि दोष लिहिलेले असतात. मर्कारीवर घेतलंतच तर वस्तू पोचल्यावर नीट तपासून होईपर्यंत 'पोचली, समाधानी आहे' हे रेटिंगचं बटण दाबू नका. ते दाबलं की पैसे विकणाऱ्याला जातात आणि मग परत मिळवणं अवघड होतं, तोपर्यंत मात्र कंपनीकडे अडकलेले असतात. वर्णनात 'नो क्लेम नो रिटर्न' असेल, किंवा 'जुन्या मालाच्या बाजारातून घेतलीये म्हणून खरी आहे' एवढाच पुरावा दिला असेल, तर पुढे चला. दुकानाच्या वेबसाईटवरून घेताना परतीची अट आधी वाचा. कायद्याने इथे टपालाने घेतलेल्या मालाला कूलिंग ऑफ (मन बदललं म्हणून ठरावीक दिवसांत खरेदी रद्द करायचा हक्क) नाही, दुकानाने स्वतःची परतीची अट दिलेली नसेल तरच आठ दिवसांत स्वखर्चाने परत करता येतं, आणि बहुतेकांनी अट दिलेलीच असते.

टॅक्स आणि कस्टम

जपानमध्ये १० टक्के कन्झम्प्शन टॅक्स आहे. शॉर्ट स्टे व्हिसावर आलेल्यांना टॅक्स-फ्री पाटी असलेल्या दुकानात एका दिवसात ५,००० येन किंवा त्याहून जास्तीचं घेतलं तर सूट मिळते, पासपोर्ट स्वतःचा आणि स्वतः हजर हवं. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते, आधी टॅक्ससकट पैसे द्यायचे आणि परत जाताना विमानतळावर कस्टमने खात्री केली की परतावा, म्हणून तेव्हा वस्तू चेक-इन सामानात टाकायच्या आधी प्रक्रिया करा. इथे नोकरीला असलेल्यांना ही सूट नाही. आईबाबा भेटायला आलेत म्हणून त्यांच्या पासपोर्टवर स्वतःसाठी बॅग घ्यायची हे काहीजण करतात, करू नका, ती वस्तू त्यांनी देशाबाहेर नेणं हीच अट आहे.

मगर, अजगर, घोरपड यांच्या कातड्याच्या वस्तू, आणि मगरीच्या कातड्याचा पट्टा असलेलं घड्याळसुद्धा, आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराखाली येतात. कागद नसतील तर जप्ती होऊ शकते. घड्याळ फारच आवडलं तर दुकानाला साधा पट्टा लावून द्यायला सांगा आणि जुना तिथेच सोडा.

भारतात उतरताना ड्युटी-फ्री मर्यादा माणशी असते आणि ती नवरा-बायकोची मिळून एकत्र करता येत नाही, म्हणजे एक महाग बॅग दोघांच्या मर्यादेत बसवली असं होत नाही. मर्यादा आणि दर बजेटमध्ये बदलतात, निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (भारताचं कस्टम बघणारं केंद्रीय मंडळ) साईटवर बघून घ्या. वर जात असेल तर भारतीय कस्टमच्या अतिथी अॅपवर किंवा रेड चॅनलला जाऊन जाहीर करा. घड्याळ मनगटावर आहे म्हणून सुटत नाही. दुकानाचं बिल हातातल्या सामानात ठेवा, सेकंडहँड असल्यामुळे बिलावरची किंमत नव्यापेक्षा कमी असते आणि ते दाखवता आलं नाही तर अधिकारी इंटरनेटवरची नव्याची किंमत धरू शकतो. आणि भारतातूनच महागडं घड्याळ घालून निघणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, परत येताना प्रश्न येत नाही.

घरी आणल्यावर

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकू नका, आपल्या पावसाळ्यात आत बुरशी धरते. कापडी पिशवीत, आत कागद भरून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. डांबर गोळ्या अजिबात नको, तो वास अस्तरात बसला की निघत नाही. मोती घालून झाले की मऊ कोरड्या कापडाने पुसा, अत्तर आणि परफ्युम माळ घालायच्या आधी मारा, सोन्याच्या दागिन्यांच्या डब्यात एकत्र ठेवू नका, ओरखडे पडतात. दुकानाचा टॅग, बिल, कार्ड सगळं एका पाकिटात बॅगेच्याच खोक्यात ठेवा, टॅगवर घेतानाचा रँक आणि दोष लिहिलेले असतात, म्हणजे पुढे कधी विकायची किंवा भाचीला द्यायची झाली तर कुठला डाग आधीचा आणि कुठला तुमचा हे लगेच सांगता येतं.